हाड कमरेचे, धोका फुप्फुसाला : पुरावा कितपत पक्का?

रस्त्यावरच्या अपघातात किंवा उंचावरून पडून कमरेची हाडे मोडलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो. पहिल्या रात्री काळजी असते ती रक्तस्रावाची. ती रात्र निभावली, की नातेवाइकांना वाटते, आता फक्त हाड जुळून यायचे राहिले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन सांगतात, की रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळत नाही, कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागेल. मार कमरेला लागला, मग बिघाड छातीत कसा? नातेवाइकांना पडणारा हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही पडायला हवा. आपण शरीर शिकवतो ते प्रकरणांच्या क्रमाने. अस्थिसंस्था एका प्रकरणात, श्वसनसंस्था दुसऱ्या, रक्ताभिसरण तिसऱ्या. रुग्णाच्या शरीरात मात्र अशी प्रकरणे नसतात.

या लेखात आम्ही दोन गोष्टी करणार आहोत. कमरेच्या अस्थिभंगाचा आणि फुप्फुसाचा संबंध काय, हे आधी थोडक्यात पाहू. त्यानंतर, या संबंधाबद्दल गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्यातून काढलेले निष्कर्ष कितपत टिकतात, हे तपासू. कारण ‘हाड लवकर बसवा, फुप्फुस वाचेल’ हे वाक्य आता अस्थिशल्यचिकित्सेत जवळजवळ म्हणीसारखे वापरले जाते. म्हण खरी असू शकते. पण म्हण म्हणजे पुरावा नव्हे.

बांगडी आणि गाळणी

कमरेचा सांगाडा म्हणजे एक कडे असते. दोन बाजूंना दोन मोठी नितंबास्थी, मागे त्रिकास्थी, पुढे दोन्ही नितंबास्थींना जोडणारा कूर्चेचा सांधा. काचेची बांगडी दाबून पाहा. ती सहसा एकाच ठिकाणी मोडत नाही, दोन-तीन तुकडे होतात. श्रोणीच्या कड्याचेही बरेचसे तसेच आहे. तरुण, धडधाकट माणसाचे हे कडे मोडायला फार मोठे बल लागते. त्यामुळे ज्याची कंबर अशी मोडली, त्याची छाती, पोट किंवा डोके यांनाही मार लागलेला असण्याची शक्यता बरीच असते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

या कड्याच्या आतल्या बाजूला शिरांचे दाट जाळे असते. हाडे हलली की त्या फाटतात आणि कित्येक लिटर रक्त बाहेरून न दिसता आतल्या आत साठू शकते. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त असते ते जेमतेम पाच लिटर. शिवाय श्रोणीच्या हाडांत रक्तपेशी तयार करणारी मज्जा असते आणि मज्जेत चरबीही असते.

आता रक्ताचा प्रवास आठवा. कमरेकडून आणि पायांकडून निघालेले अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून थेट फुप्फुसांत जाते. म्हणजे कमरेपाशी शिरेत जे काही शिरेल, त्याला अडवणारी पहिली बारीक गाळणी म्हणजे फुप्फुसातल्या केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशींना एकामागून एक अशा रांगेने जावे लागते. या गाळणीच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला वायुकोशातली हवा आणि मध्ये एक मायक्रोमीटरहूनही पातळ पडदा. गाळणी तुंबली किंवा पडदा झिरपू लागला, की श्वास अडलाच.

चार वाटा

कमरेपासून फुप्फुसापर्यंत बिघाड पोचण्याच्या मुख्य वाटा चार.

पहिली वाट चरबीची. मोडलेल्या हाडातील मज्जेचे थेंब शिरांत शिरतात आणि फुप्फुसात अडकतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांनी १८६२ साली अपघातात चिरडून मेलेल्या माणसाच्या फुप्फुसात अशी चरबी पाहिली. मांडीचे हाड मोडल्यावर हे जास्त दिसते, पण कमरेच्या अस्थिभंगातही होते. साधारण एक ते तीन दिवसांत दम लागणे, भान हरपणे आणि छातीवर-काखेत बारीक लालसर ठिपके उठणे, अशी त्याची लक्षणे.

दुसरी वाट गुठळीची. हालचाल बंद, शिरांना इजा, आणि दुखापतीनंतर रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती हे तिन्ही एकत्र आले, की पायाच्या व श्रोणीच्या शिरांत गुठळ्या धरतात. त्यातली मोठी गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो.

तिसरी वाट दाहाची. मोठा रक्तस्राव, चेंगरलेल्या पेशी, भरलेले बाहेरचे रक्त यांमुळे सबंध शरीरात दाहाची प्रतिक्रिया उसळते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या झिरपू लागतात, वायुकोशांत प्रथिनयुक्त पाणी भरते आणि फुप्फुस ताठ, जड होते. डेन्व्हरच्या ॲशबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली १२ रुग्णांचे वर्णन करून या अवस्थेकडे लक्ष वेधले. मूळ आजार वेगवेगळे, पण फुप्फुसाची अवस्था सारखी. तिला आज तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह म्हणतात. लेखात पुढे आम्ही तिला नुसते ‘ताठर फुप्फुस’ म्हणू.

चौथी वाट सगळ्यात साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित. कंबर अस्थिर असलेला रुग्ण उताणा पडून राहतो. त्याला कुशीवर वळवता येत नाही, बसवता येत नाही. वेदनेमुळे तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटतो, कफ साठतो, न्यूमोनिया होतो.

या चार वाटा एकमेकींना पर्याय नाहीत. एकाच रुग्णात चारही असू शकतात. आणि पाचवी गोष्ट, म्हणजे छातीलाच थेट बसलेला मार, तीही सोबत असू शकते. इथूनच आमच्या टीकेला सुरुवात होते.

मोजायचे काय?

शास्त्रात एखाद्या गोष्टीचे प्रमाण सांगायचे, तर आधी ती गोष्ट कोणती हे ठरवावे लागते. ‘ताठर फुप्फुसा’ची सर्वमान्य व्याख्या १९९४ पर्यंत नव्हती. त्या वर्षी अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी एक व्याख्या केली. २०१२ मध्ये बर्लिन व्याख्या आली आणि २०२३ मध्ये तिचाही विस्तार करण्यात आला.

बर्लिन व्याख्येचा गाभा एका भागाकारात आहे आणि तो नववीतला मुलगाही करू शकेल. धमनीतल्या रक्तातील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि श्वासातून दिलेल्या हवेतील प्राणवायूच्या अंशाने त्याला भागायचे. निरोगी माणूस साधी हवा घेतो. दाब ९५, अंश ०.२१, भागाकार सुमारे ४५०. श्वसनयंत्रावरच्या रुग्णाला ६० टक्के प्राणवायू दिला आहे आणि तरी दाब ९०च आहे असे धरा. ९० भागिले ०.६ म्हणजे १५०. भागाकार ३०० किंवा त्याहून कमी झाला की सौम्य, २०० किंवा कमी झाला की मध्यम, १०० किंवा कमी झाला की तीव्र. सोबत अटी अशा, की बिघाड आठवड्याच्या आत सुरू झालेला हवा, क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना धूसरपणा हवा, आणि त्याचे कारण केवळ हृदयाची दुर्बलता किंवा जास्त दिलेले पाणी हे नसावे.

ही व्याख्या उपयोगी आहे, पण तिच्यात कारणाचा कुठेही उल्लेख नाही, हे पाहा. चरबीने, दाहाने, जंतूंनी किंवा छातीच्या माराने बिघडलेले फुप्फुस, सगळ्यांचा भागाकार सारखाच येऊ शकतो. मग ‘कमरेच्या अस्थिभंगामुळे इतक्या टक्के रुग्णांना ताठर फुप्फुस झाले’ असे वाक्य वाचले, की त्यातल्या ‘मुळे’ या प्रत्ययाकडे बोट दाखवून विचारायला हवे, हे कशावरून? अस्थिभंग आणि बिघाड एकाच रुग्णात आढळले, एवढेच बहुतेक वेळा सिद्ध झालेले असते.

दुसरी अडचण काळाची. १९८० च्या दशकातले आणि आजचे प्रमाण शेजारी ठेवून ‘आमच्या पद्धतीमुळे बिघाड कमी झाला’ असे म्हणता येत नाही. मधल्या काळात व्याख्या बदलली, रक्त भरण्याची रीत बदलली, श्वसनयंत्र वापरण्याची रीत तर मुळापासून बदलली. मोजपट्टी आणि मोजायची वस्तू दोन्ही बदलल्यावर फरकाचे श्रेय एकाच गोष्टीला कसे द्यायचे?

शोधाल तर सापडेल

गुठळ्यांच्या बाबतीत मोजणीचा प्रश्न आणखी लख्ख दिसतो. टोरांटोचे गीर्ट्स आणि सहकारी यांनी १९९४ मध्ये मोठ्या दुखापतींच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुठळी टाळण्याचे औषध कोणालाच दिलेले नव्हते आणि लक्षणे असोत-नसोत, शिरांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे काढली गेली. ज्यांची चित्रे नीट मिळाली अशा ३४९ रुग्णांपैकी २०१ जणांच्या पायांत गुठळ्या होत्या, म्हणजे ५८ टक्के. आणि या २०१ पैकी किती जणांत तपासणीआधी तशी शंका यावी अशी लक्षणे होती? फक्त तिघांत.

हा अभ्यास आम्हाला फार मोलाचा वाटतो. ‘पाय सुजला नाही म्हणजे गुठळी नाही’ या समजुतीला त्याने कायमचा छेद दिला. पण याच अभ्यासातून एक सावधगिरीही शिकायची आहे. जे रुग्णालय प्रत्येकाची तपासणी करील तिथे गुठळ्यांचे प्रमाण जास्त दिसेल, आणि जे फक्त सूज पाहील तिथे ते नगण्य वाटेल. पहिले रुग्णालय वाईट आणि दुसरे चांगले, असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या शाळेत डोळे तपासले, त्याच शाळेतल्या मुलांची नजर अधू, असे म्हणण्यासारखे आहे.

गीर्ट्स यांनीच १९९६ मध्ये पुढची पायरी चढली. हेपारिनचे दोन प्रकार घेऊन, रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून तुलना केली. साध्या हेपारिनच्या गटात ४४ टक्के तर कमी रेणुभाराच्या हेपारिनच्या गटात ३१ टक्के रुग्णांत गुठळ्या दिसल्या. औषध देऊनही गुठळ्या राहतात, पण कमी होतात, हे त्यातून कळले.

आता २०२३ सालचा एक फार मोठा प्रयोग पाहा. हातापायांचे शस्त्रक्रिया लागणारे अस्थिभंग किंवा कमरेचे व खुब्याच्या खोबणीचे अस्थिभंग असलेल्या १२,२११ रुग्णांत ॲस्पिरिन आणि कमी रेणुभाराचे हेपारिन यांची तुलना झाली. ९० दिवसांतले मृत्यू ॲस्पिरिन गटात ०.७८ टक्के, हेपारिन गटात ०.७३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १.४९ टक्के. पायातल्या गुठळ्या मात्र ॲस्पिरिन गटात २.५१ आणि हेपारिन गटात १.७१ टक्के, म्हणजे थोड्या जास्त.

विद्यार्थी विचारतील, १९९४ मध्ये ५८ टक्के आणि २०२३ मध्ये जेमतेम दोन-अडीच टक्के, यातले खरे कोणते? दोन्ही खरे. पहिल्यात औषध नव्हते आणि प्रत्येकाची शोधाशोध झाली. दुसऱ्यात सगळ्यांना औषध होते आणि लक्षणांवरून लक्षात आलेल्या गुठळ्याच मोजल्या गेल्या. शिवाय दुसऱ्यातले सगळे रुग्ण अतिदक्षता विभागातले नव्हते. म्हणूनच ‘आता ॲस्पिरिन पुरे’ हे उत्तर श्वसनयंत्रावरच्या, कंबर आणि छाती दोन्ही मोडलेल्या रुग्णाला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. आकडा कोणाचा, हे विचारल्याशिवाय तो उचलू नये.

लवकर की उशिरा?

आता मुख्य वादाकडे येऊ. हाड पहिल्या चोवीस तासांत बसवावे, की रुग्ण स्थिर होईपर्यंत काही दिवस थांबावे?

अमेरिकेतील डॅलस इथे बोन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या प्रश्नावर खरा प्रयोग केला. मांडीचे हाड मोडलेल्या १७८ रुग्णांची वाटणी करून काहींची शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत केली, काहींची ४८ तासांनंतर. अनेक दुखापती असलेल्या रुग्णांत उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांना फुप्फुसाचे त्रास जास्त झाले आणि अतिदक्षता विभागात जास्त दिवस राहावे लागले. ‘रुग्ण इतका आजारी आहे की शस्त्रक्रिया नको’ या जुन्या विचाराच्या जागी ‘रुग्ण इतका आजारी आहे की शस्त्रक्रिया हवीच’ हा विचार रुजायला या प्रयोगाचा मोठा हातभार लागला.

पण १९९३ मध्ये हॅनोव्हरच्या पापे आणि सहकाऱ्यांनी उलटी नोंद केली. छातीला जबर मार असलेल्या रुग्णांत मांडीच्या हाडात लवकर सळई घातली, तर ताठर फुप्फुस जास्त दिसले. सळई पोकळीत ठोकताना मज्जा पुढे रेटली जाते, चरबी शिरांत शिरते. आधीच चिडलेल्या शरीराला हा दुसरा तडाखा, असा त्यांचा तर्क. १९९७ मध्ये बॉसे आणि सहकाऱ्यांनी सळई वापरणाऱ्या आणि पट्टी वापरणाऱ्या केंद्रांची तुलना केली, तेव्हा ताठर फुप्फुसाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. अखेर २००७ मध्ये पापे यांच्याच पुढाकाराने युरोपात १६५ रुग्णांवर वाटणी करून प्रयोग झाला. स्थिर रुग्णांना लवकर सळई घालण्याचा फायदा झाला, श्वसनयंत्र लवकर सुटले. सीमेवरच्या, म्हणजे धड स्थिर नाही आणि धड अत्यवस्थ नाही अशा रुग्णांत मात्र लवकर सळई घातल्यावर फुप्फुसाचे बिघाड जास्त दिसले.

हा सगळा इतिहास कोणत्या हाडाचा आहे? मांडीच्या. आणि आम्ही बोलतो आहोत कमरेबद्दल! आमची पहिली तक्रार हीच. मांडीच्या हाडावरचे निष्कर्ष कमरेवर अलगद उतरवले गेले. वास्तविक दोन्हींतले यंत्रशास्त्र वेगळे आहे. मांडीच्या हाडात सळई मज्जेच्या पोकळीतून जाते. कमरेत मागच्या बाजूला त्वचेतल्या छोट्या छेदातून स्क्रू बसवला, तर रक्त फार थोडे जाते. पण खुब्याच्या खोबणीचे तुकडे उघडून जुळवायचे, तर शस्त्रक्रिया काही तास चालते आणि रक्तही बरेच जाते. ‘लवकर शस्त्रक्रिया’ या एका शब्दात या दोन्ही गोष्टी कोंबल्या, तर आलेली सरासरी कोणाच्याच कामाची नाही.

कमरेवर थेट झालेला एक मोठा अभ्यास म्हणजे क्लीव्हलंडच्या व्हॅलियर आणि सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. अस्थिर श्रोणी आणि खोबणीच्या अस्थिभंगांचे ६४५ रुग्ण. त्यातील २३३ जणांची शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत झाली आणि ४१२ जणांची नंतर. लवकरच्या गटात २९ जणांना (१२.४ टक्के) गुंतागुंत झाली आणि उशिराच्या गटात ८१ जणांना (१९.७ टक्के). फरक लक्षणीय आहे. पण इथे वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. कोणाला लवकर घ्यायचे, हे परिस्थितीने आणि डॉक्टरांनी ठरवले होते. आमची दुसरी तक्रार इथे आहे आणि ती समजायला एक काल्पनिक गणित पुरेसे आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित

पुढचे आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, १०० रुग्ण आहेत. ६० जणांची दुखापत हलकी आणि ४० जणांची जबर. हलक्यांपैकी १० टक्के आणि जबरांपैकी ३० टक्के रुग्णांचे फुप्फुस बिघडते. शस्त्रक्रिया कधी केली याचा कशावरही काडीमात्र परिणाम होत नाही, असेही मुद्दाम धरू.

आता डॉक्टर स्वाभाविकपणे हलक्या रुग्णांना आधी घेतात. लवकरच्या गटात ५० हलके व १० जबर, उशिराच्या गटात १० हलके व ३० जबर. बिघाड मोजा. लवकरच्या गटात ५ अधिक ३ म्हणजे ८. साठांतले आठ, म्हणजे सुमारे १३ टक्के. उशिराच्या गटात १ अधिक ९ म्हणजे १०. चाळिसांतले दहा, म्हणजे २५ टक्के. शस्त्रक्रियेच्या वेळेचा परिणाम शून्य असूनही उशीर करणे जवळजवळ दुप्पट धोक्याचे दिसले!

यावर उत्तर असे, की वय, दुखापतीचा गुणांक वगैरेंची जुळणी गणिताने करता येते. करता येते, आणि करावीच. पण खाटेशेजारी उभ्या असलेल्या अनुभवी भूलतज्ज्ञाला रुग्ण पाहून जे ‘ठीक वाटत नाही’, ते कोणत्याही गुणांकात पुरते उतरत नाही. नेमके तेच निर्णय ठरवते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. चूक उलट दिशेनेही होऊ शकते. उशिराच्या गटात यायचे तर रुग्णाला आधी दोन-तीन दिवस जगावे लागते. जे पहिल्या दिवशीच दगावले, ते शस्त्रक्रिया झालेल्यांच्या यादीतच नसतात. त्यामुळे उशिराचा गट प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. तेव्हा व्हॅलियर यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो बहुधा बरोबर असावा, कारण चौथ्या वाटेचे, म्हणजे रुग्णाला लवकर बसवता-वळवता येण्याचे महत्त्व समजण्यासारखे आहे. आमचे म्हणणे इतकेच, की १२.४ आणि १९.७ मधला सगळाच फरक शस्त्रक्रियेच्या वेळेचा, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

याच गटाचे पुढचे काम आम्हाला जास्त पटते. त्यांनी घड्याळाऐवजी रुग्णाकडे पाहण्याचा नियम मांडला. पुरेसे रक्त व द्रव देऊन झाल्यावर रक्तातले लॅक्टेट लिटरमागे ४ मिलिमोलच्या खाली आले, किंवा सामू ७.२५ वा अधिक झाला, किंवा रक्तातल्या अल्काची तूट ५.५ च्या आत आली, तर अपघातापासून ३६ तासांच्या आत हाडे पक्की करावीत, नाही तर थांबून रुग्णाला आधी सावरावे. या नियमातही उणिवा निघतील. पण तो मोजता येतो, म्हणून तो खोटा ठरवता येतो, आणि चांगल्या नियमाचे हेच लक्षण आहे. ‘लवकर’ या शब्दाला असे करता येत नाही.

आकडा सुधारला, रुग्ण?

तिसरी तक्रार अशी, की बरेच अभ्यास रुग्ण जगला की नाही यापेक्षा मधलाच एखादा आकडा पाहून थांबतात. असे का करू नये, याचे उत्तम उदाहरण अतिदक्षता शास्त्रातच आहे. २००० साली अमेरिकेत ताठर फुप्फुसाच्या ८६१ रुग्णांवर प्रयोग झाला. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे एका श्वासाला १२ मिलिलिटर हवा द्यायची की ६? साठ किलोच्या माणसाला ७२० मिलिलिटर की ३६०? सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटात प्राणवायूचा तो आपला भागाकार जास्त चांगला होता. त्यावरच थांबले असते, तर मोठा श्वासच योग्य ठरला असता. पण मृत्यू मोजले, तेव्हा मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के आणि लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. शंभरामागे जवळजवळ नऊ माणसांचा फरक. ताणून फुगवलेले फुप्फुस यंत्रानेच आणखी फाटत होते, आणि आकडा मात्र ‘सुधारणा’ दाखवत होता.

तर्क आणि परिणाम यांतली तफावत दाखवणारे दुसरे उदाहरण महाशिरेतल्या जाळीचे. रक्तस्रावाच्या भीतीने ज्यांना हेपारिन देता येत नाही, त्यांच्या पोटातल्या महाशिरेत छत्रीसारखी जाळी बसवायची, म्हणजे गुठळी वर जाणारच नाही. याहून सरळ तर्क कोणता? २०१९ मध्ये २४० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. लक्षणे देणारी फुप्फुसातली गुठळी किंवा मृत्यू यांचे ९० दिवसांतले एकत्र प्रमाण जाळी असलेल्यांत १३.९ टक्के, नसलेल्यांत १४.४ टक्के. म्हणजे सरसकट सगळ्यांना जाळी बसवण्याचा फायदा दिसला नाही. मात्र सात दिवसांनंतरही ज्यांना हेपारिन देता आले नव्हते, त्या मोजक्या रुग्णांत फुप्फुसातल्या गुठळ्या जाळी नसलेल्या गटातच झाल्या. जाळी निरुपयोगी नाही. ती कोणाला, हा प्रश्न महत्त्वाचा.

मग काय म्हणावे?

कोणी म्हणेल, मरणाच्या दारातल्या रुग्णाच्या बाबतीत चिठ्ठ्या कसल्या टाकता? हा आक्षेप मनापासूनचा असतो आणि तो टाळून चालत नाही. पण जिथे दोन्ही पर्याय जाणकार डॉक्टर रोज वापरत आहेत, तिथे वाटणी आजही होतेच, फक्त ती कोणत्या रुग्णालयात नेले आणि त्या रात्री कोण कामावर होते, यावर ठरते. त्यातून कोणीच काही शिकत नाही. घाईच्या प्रसंगातही मोठे प्रयोग शक्य असतात. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४० देशांतले २०,२११ जखमी होते आणि भारतातल्या रुग्णालयांचाही त्यात वाटा होता. मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या औषधाने गुठळ्या वाढतील, ही भीती त्यात खरी ठरली नाही.

आज आपल्याला पक्के माहीत आहे ते असे. हलणारी कंबर ताबडतोब पट्ट्याने आवळून धरली पाहिजे आणि रक्तस्राव थांबवला पाहिजे. गुठळ्या दिसत नसल्या तरी असतात, म्हणून रक्तस्राव आटोक्यात येताच प्रतिबंधक औषध सुरू केले पाहिजे. श्वसनयंत्राने लहान श्वास दिले पाहिजेत. सावरलेल्या रुग्णाची हाडे विनाकारण रखडवू नयेत. सावरलेला आणि न सावरलेला यांच्या मधल्या रुग्णाचे काय करावे, याबद्दल मात्र कमरेपुरता पुरावा तोकडा आहे, आणि नेमके तेच रुग्ण फुप्फुसाच्या बिघाडाने दगावतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वरचे शंभर रुग्णांचे गणित फळ्यावर मांडा, पण उत्तर आधी सांगू नका. १३ आणि २५ हे दोन आकडे देऊन मुलांना विचारा, की तुम्ही कधी शस्त्रक्रिया करून घ्याल. बहुतेक हात ‘लवकर’साठी वर होतील. मग हलके आणि जबर असे रकाने पाडून द्या. दोन्ही रकान्यांत लवकर-उशिराचा फरक शून्य आहे, हे मुले स्वतःच शोधतील. त्यानंतर शिकवणी लावणाऱ्या मुलांचे गुण, एखाद्या टॉनिकची जाहिरात, नामांकित शाळेचा निकाल, यांतले कोणतेही उदाहरण पुढे ठेवा आणि विचारा, इथे कोण आधीच निवडून घेतले गेले होते?